दोन आवाज गेल्यावर: जेम्स ब्लॅकवुड आणि १९५४ चा उन्हाळा

चार जणांचा गाणारा संच आहे. एका संध्याकाळी त्यातले दोघं मरण पावतात. उरलेल्यांपैकी एकानं तो अपघात जवळ उभं राहून पाहिला आहे आणि गेलेल्यांपैकी एक त्याचा सख्खा पुतण्या आहे. रेडिओवरचा रोजचा कार्यक्रम आहे, रेकॉर्ड कंपनीशी करार आहे, कित्येक घरांची चूल या गाण्यावर पेटते. आता संच मोडायचा की चालू ठेवायचा? आणि चालू ठेवायचा असेल तर त्या दोन जागी कोणाला उभं करायचं?

३० जून १९५४ रोजी हा प्रश्न जेम्स ब्लॅकवुड यांच्यापुढे आला. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या गोऱ्या ख्रिस्ती समाजात रुजलेल्या 'सदर्न गॉस्पेल' या भक्तिगायनातलं त्या वेळचं सर्वांत मोठं नाव म्हणजे ब्लॅकवुड ब्रदर्स क्वार्टेट, आणि त्याचे मुख्य गायक जेम्स. या गायनाबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. एल्विस प्रेस्लीच्या मागे उभं राहून गाणारी माणसं एवढाच त्याचा आपल्याकडचा परिचय. मला मात्र जेम्स यांचं आयुष्य, विशेषतः त्यातला हा एक उन्हाळा, समूहानं गाणाऱ्या प्रत्येकानं समजून घ्यावा असा वाटतो. आवाजाची जागा कशी भरायची याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

चार आवाजांचं घर

आपल्या कानाला एक गायक आणि एक सूररेषा यांची सवय आहे. साथीदार असतात, मागे सूर धरणारे असतात, पण गाणं एकाचं असतं. क्वार्टेट ऐकताना ही सवय बाजूला ठेवावी लागते. तिथे चार पुरुष एकाच क्षणी चार वेगळे स्वर गातात. सगळ्यात वर टेनर. त्याखाली लीड, म्हणजे मूळ चाल गाणारा. मग बॅरिटोन आणि तळाशी बेस, आपल्या शब्दांत खर्ज. श्रोत्याला ओळखू येते ती लीडची चाल. पण ती चाल ज्यावर उभी असते तो स्वरांचा जुडगा चौघांनी मिळून बनवलेला असतो.

ही रचना आली गाण्यांच्या पुस्तकांतून. दक्षिणेतल्या खेड्यांमध्ये फिरते गायनशिक्षक येत, दहा-पंधरा दिवसांची 'सिंगिंग स्कूल' भरवत आणि शेतकऱ्यांच्या मुलांना स्वरलेखन शिकवत. त्या लेखनात प्रत्येक स्वराच्या ठिपक्याला वेगळा आकार असे, कुठे त्रिकोण, कुठे चौकोन, कुठे अर्धवर्तुळ. सात स्वर, सात आकार. रेघांवरची जागा मोजत बसण्यापेक्षा आकार पाहून थेट डो-रे-मी म्हणता येई. सारेगम म्हणत पलटे घोटणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला यातली सोय लगेच कळेल. शिकलेल्यांना नवी गाणी लागत, म्हणून नवी पुस्तकं छापली जात आणि ती खपवायला प्रकाशक पगारी गायक पाठवत. टेनेसीतल्या लॉरेन्सबर्ग गावच्या जेम्स व्हॉन या प्रकाशकानं १९१० मध्ये असा पहिला व्यावसायिक संच बाहेर काढला. म्हणजे या गायनप्रकाराच्या मुळाशी श्रद्धा होतीच, आणि पुस्तकविक्रीही होती. हे मी दोष म्हणून सांगत नाही. ज्या कलेनं आपलं पोट भरायची सोय सुरुवातीपासून विचारात घेतली ती संकटात तग धरते, आणि या प्रकरणात पुढे ते दिसतंच.

ब्लॅकवुड घराणं मिसिसिपी राज्यातल्या चॉक्टॉ काउंटीचं, ॲकरमन गावाजवळचं. दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं शेती करणारे गरीब लोक. मोठा भाऊ रॉय १९०० चा, मधला डॉयल १९११ चा आणि धाकटे जेम्स १९१९ चे. रॉय हे धर्मोपदेशक. त्यांचा मुलगा आर. डब्ल्यू. १९२१ चा, म्हणजे काका जेम्सपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी लहान. १९३४ मध्ये तिघं भाऊ आणि हा पुतण्या मिळून गाऊ लागले, तेव्हा आर. डब्ल्यू. तेरा वर्षांचा होता आणि बॅरिटोनची जागा त्याच्याकडे आली. नात्यानं काका-पुतणे, वयानं भावंडं. एका घरात वाढलेले, एकाच ढंगात शब्द उच्चारणारे. मंदीचे दिवस होते. खेड्यांतली चर्च आणि शाळा, मग मिसिसिपीतली आणि लुइझियानातली रेडिओ केंद्रं असं करत १९४० मध्ये ते थेट उत्तरेला, आयोवातल्या शेनंडोआ गावच्या केएमए केंद्रावर पोचले. दुसऱ्या महायुद्धात कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोला जाऊन विमानांच्या कारखान्यात काम केलं आणि गाणंही चालू ठेवलं. १९५० मध्ये त्यांनी मेंफिस गाठलं आणि तेच त्यांचं कायमचं गाव झालं.

या वीस वर्षांत संच अनेकदा बदलला. रॉय बाहेर पडले, डॉयल बाहेर पडले. १९५४ मध्ये टेनर बिल शॉ, लीड जेम्स, बॅरिटोन आर. डब्ल्यू., बेस बिल लाइल्स आणि पियानोवर जॅकी मार्शल असा संच होता. मूळ चौघांतले दोघंच उरले होते, काका आणि पुतण्या. ब्लॅकवुड ब्रदर्स नावात 'ब्रदर्स' असले तरी मंचावर आता सख्खे भाऊ नव्हते. जागा रिकामी होणं आणि ती भरणं या संचाला नवीन नव्हतं. नवीन होतं ते पुढे घडलं तसं घडणं.

विमान का आणि कशासाठी

बाहेरच्याला वाटतं, भजनी मंडळाला विमान कशाला? पण हिशेब पाहा. मेंफिसच्या डब्ल्यूएमपीएस केंद्रावर त्यांचं रोजचं गाणं. संध्याकाळी शेकडो मैलांवर कार्यक्रम. तेव्हा दक्षिणेत आजच्यासारखे द्रुतगती महामार्ग नव्हते. पाच-सहा माणसं एका मोटारीत कोंबून, सामान टपावर बांधून रात्रभर गाडी हाकायची आणि सकाळी पुन्हा माइकसमोर उभं राहायचं. घसा बसतो, माणूस पेंगतो, आणि पेंगलेल्या चालकाचा अपघात ही फिरत्या गायकांच्या जगात सतत टांगलेली तलवार होती. आर. डब्ल्यू. विमान चालवायला शिकले. दोन इंजिनांचं बीचक्राफ्ट घेतलं गेलं. लाइल्स त्यांच्या शेजारच्या आसनावर बसून साहाय्य करत. वेळ वाचत होता, थकवा वाचत होता आणि नावाला झळाळी येत होती. मला हा निर्णय बेफिकिरीचा वाटत नाही. त्या काळच्या रस्त्यांकडे पाहता तो विचारपूर्वक घेतलेला होता.

नावाला झळाळी यायचे ते दिवसच होते. १९५२ पासून आरसीए व्हिक्टर त्यांच्या तबकड्या काढत होती. त्याच सुमारास त्यांनी अटलांटाच्या स्टेट्समेन क्वार्टेटशी हातमिळवणी केली होती. पियानोवादक होवी लिस्टर यांनी उभा केलेला आणि जेक हेस या विलक्षण लीड गायकाचा तो संच. खरं तर हे प्रतिस्पर्धी. पण दोन्ही संच एकाच मंचावर आले तर सभागृह दुप्पट भरतं, हे दोघांनीही ओळखलं. मग जून १९५४ मध्ये न्यूयॉर्कला आर्थर गॉडफ्री यांच्या 'टॅलेंट स्काउट्स' या देशभर पोचणाऱ्या कार्यक्रमात ब्लॅकवुड ब्रदर्स गायले आणि टाळ्यांच्या मोजणीत पहिले आले. वाट्यानं शेती करणाऱ्या घरातली पोरं आता अख्ख्या अमेरिकेला ठाऊक झाली. त्यानंतर जेमतेम पंधरवडा गेला होता.

क्लँटन

अलाबामातलं क्लँटन हे चिल्टन काउंटीचं गाव, पीचच्या बागांसाठी प्रसिद्ध. पीच महोत्सवासाठी ब्लॅकवुड आणि स्टेट्समेन दोघांनाही बोलावलेलं होतं. गावाची धावपट्टी लहान. अंधार पडण्याआधी एकदा उडून पाहावं, म्हणजे रात्री निघताना अंदाज असेल, असं आर. डब्ल्यू. यांनी ठरवलं. सोबत लाइल्स चढले आणि एक स्थानिक तरुणही. विमान उडालं, वळसा घेऊन उतरायला आलं आणि कोसळून पेटलं. तिघंही गेले.

जेम्स खाली उभे होते. ते जळत्या विमानाकडे धावले. जेक हेस यांनी त्यांना गच्च धरून मागे ओढलं. स्टेट्समेनच्याच सोबतीनं जेम्स रात्री मेंफिसकडे परतले आणि त्या परतीच्या वाटेवर त्यांनी सांगितलं की आता आपण कधीही गाणार नाही.

२ जुलैला मेंफिसच्या एलिस ऑडिटोरियममध्ये अंत्यविधी झाला. याच सभागृहात ब्लॅकवुड मंडळींच्या रात्र-रात्र चालणाऱ्या गाण्याच्या बैठकी होत. सुमारे पाच हजार माणसं जमली. टेनेसीचे गव्हर्नर फ्रँक क्लेमेंट आले. स्टेट्समेन गायले. शोक करणाऱ्यांमध्ये एकोणीस वर्षांचा एल्विस प्रेस्लीही होता. ब्लॅकवुड कुटुंब ज्या फर्स्ट असेंब्ली ऑफ गॉड चर्चमध्ये जात असे त्याच चर्चमध्ये तो जाई, आणि या बैठकींचा तो भक्त होता. तीन दिवसांनी, ५ जुलैला, त्यानं सन स्टुडिओत आपली पहिली व्यावसायिक तबकडी ध्वनिमुद्रित केली. मेंफिस शहर किती लहान होतं आणि एकाच आठवड्यात तिथे काय काय घडून गेलं, याचा विचार केला की मी अजूनही थांबतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे सगळं वर्णभेदाच्या कायद्याखालच्या दक्षिणेत चाललं होतं. गोऱ्यांचं गॉस्पेल वेगळं, काळ्यांचं वेगळं. चर्च वेगळी, प्रेक्षागृहातल्या जागा वेगळ्या. गाणी मात्र या भिंती जुमानत नसत. थॉमस डॉर्सी या कृष्णवर्णीय रचनाकाराची गाणी गोरे संच मनापासून गात. गाणं घेतलं, पण माणसाला शेजारी बसू दिलं नाही, हा या परंपरेच्या इतिहासावरचा डाग आहे. तिच्यावर प्रेम असलेल्यानंही तो झाकू नये.

जागा आणि माणूस

गाणार नाही म्हणणारे जेम्स काही आठवड्यांतच पुन्हा मंचावर उभे राहिले. त्यांना कशानं परत आणलं? श्रद्धा तर होतीच. मरण म्हणजे शेवट नाही हे ते रोज गात होते आणि आता ते खरं मानायची वेळ त्यांच्यावरच आली होती. पण दुसरीही कारणं डोळ्यांसमोर येतात. शॉ आणि मार्शल यांची रोजीरोटी होती. हे नाव वीस वर्षं चार-चार आवाज बदलूनही टिकलं होतं. आणि मोडायचं म्हटलं तर आर. डब्ल्यू. यांनी तेराव्या वर्षापासून केलेलं सगळंच मोडलं असतं.

मग दोन जागा. हा भाग मला या प्रकरणात सगळ्यात मोलाचा वाटतो.

बॅरिटोनसाठी जेम्स घरात पाहतात. आर. डब्ल्यू. यांचा धाकटा भाऊ सेसिल. जन्म १९३४ चा, म्हणजे क्वार्टेट आणि तो एकाच वर्षी जन्मलेले. वय एकोणीस. 'सॉंगफेलोज' नावाच्या मेंफिसमधल्या तरुण संचात तो गात होता. बेससाठी मात्र ते घराबाहेर जातात, आणि तेही चांगलेच लांब. 'सनशाइन बॉइज' या संचात गाणारे जॉन डॅनियल सम्नर, फ्लॉरिडातल्या लेकलँडचे, वय एकोणतीस. सनशाइन बॉइज भक्तिगीतं गात तशीच घोडेस्वारांच्या देशी चालींची गाणीही गात. काउबॉयच्या चित्रपटांतही ते दिसले होते. ब्लॅकवुडांच्या घरगुती, सोज्ज्वळ मंचावर हा उंचापुरा आणि रांगडा माणूस उभा राहणार होता.

एक घरातला, एक बाहेरचा. ही निवड दुःखाच्या घाईत झाली असेल, पण संगीताच्या नजरेनं पाहिलं तर ती अगदी बरोबर आहे.

बॅरिटोन ही क्वार्टेटमधली सर्वांत न दिसणारी जागा. वर लीडची चाल, खाली खर्ज, आणि मधलं पोकळ बॅरिटोननं भरायचं. त्याच्या वाट्याला आलेली ओळ सुटी गाऊन दाखवली तर ती चाल वाटतच नाही. दोन-तीन स्वरांत घुटमळते, मध्येच विचित्र उडी घेते. त्यानं उठून दिसायचं नसतं, मिसळायचं असतं. मिसळण्यासाठी सूर अचूक असणं पुरत नाही. 'आ' किती उघडायचा, 'ओ' किती गोल करायचा, शब्दाच्या शेवटचं व्यंजन कधी सोडायचं हे सगळं शेजाऱ्याशी जुळावं लागतं. एका घरात, एका बोलीत वाढलेल्यांचं ते न सांगता जुळतं. आपल्याकडे एकाच घरातल्या बहिणी ओव्या म्हणू लागल्या की दोन आवाज एकच वाटतात, ते याच कारणानं. सेसिल अनुभवानं कच्चे होते, पण ही गोष्ट त्यांच्यात जन्मजात होती. बाहेरून कितीही तयारीचा बॅरिटोन आणला असता तरी ती वर्षानुवर्षं शिकवावी लागली असती.

खर्जाचं काम वेगळं. तो जुडग्याचा पाया देतो. तळाचा स्वर नसेल तर वरचे तीन आवाज अधांतरी लटकतात आणि कानाला स्वरसमूहाचं घर कुठे आहे ते कळत नाही. शिवाय ओळीच्या शेवटी लीड थांबतो तेव्हा रिकाम्या मात्रांत खर्जवाला खाली उतरत जातो आणि पुढची ओळ उचलून देतो. ही कडेची जागा आहे. तिथला माणूस वेगळा ऐकू आला तर बिघडत नाही. वेगळा ऐकू यावा म्हणूनच तो तिथे असतो. लाइल्स हेही घराबाहेरचेच होते.

पण दुसरा लाइल्स शोधण्याचा मोह जेम्स यांनी टाळला, याचं मला फार वाटतं. दुःखात माणूस गेलेल्याची छबी शोधतो. श्रोतेही तेच मागतात. आपल्या गाण्यात 'जागा' या शब्दाला दोन अर्थ आहेत: उभं राहायची जागा आणि गळ्यातून निघणारी सुंदर जागा. सम्नर यांनी लाइल्स यांची जागा घेतली. लाइल्स यांच्या जागा घेतल्या नाहीत. त्यांनी आपल्याच गळ्यातल्या आणल्या.

आणि काय गळा होता तो! सम्नर यांची सर्वांत खालच्या स्वरासाठी गिनेसच्या नोंदींत दखल घेतली गेली. तो स्वर म्हणजे पियानोच्या अगदी डाव्या टोकाकडून तिसरी पांढरी पट्टी, सेकंदाला सुमारे ३३ कंपनं. पांढरी एक हा षड्ज धरणाऱ्या पुरुष गायकाच्या हिशेबानं हा अतिमंद्रातला षड्ज होतो. मंद्र पंचमाखाली आवाज धरून ठेवायला चांगल्या चांगल्यांना कष्ट पडतात हे ज्यांनी सकाळी उठून खर्ज भरला आहे त्यांना ठाऊक आहे. अर्थात इतका खालचा स्वर मोकळ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. त्याला माइक लागतो, ओठांच्या अगदी जवळ. म्हणजे सम्नर हे ध्वनिवर्धकाच्या युगाचे गायक. पन्नास वर्षं आधी जन्मते तर हा गळा असूनही कोणी तो ऐकला नसता.

बाहेरच्या माणसानं काय आणलं

आता या निवडीचे परिणाम. ते नुसते गाण्यापुरते राहिले नाहीत.

सम्नर यांनी बस सुचवली. १९५५ मध्ये क्वार्टेटनं बस घेतली आणि प्रवासाला सोयीची करून घेतली. वाटेत आडवं होता येईल, कपडे टांगता येतील, ध्वनियंत्रणा आणि विकायच्या तबकड्या पोटात राहतील अशी. गाणाऱ्यांनी आपल्यासाठी अशी घडवून घेतलेली ही पहिली बस असं त्या क्षेत्रात मानलं जातं. आज अमेरिकेत कुठलाही मोठा गायक घरासारख्या बसमधून फिरतो. त्या सोयीच्या मुळाशी क्लँटनची आग आहे हे किती जणांना ठाऊक असेल?

१९५७ मध्ये सम्नर आणि ब्लॅकवुड यांनी मेंफिसमध्ये, त्याच एलिस ऑडिटोरियममध्ये, नॅशनल क्वार्टेट कन्व्हेन्शन भरवलं. देशभरचे संच एकत्र येऊन काही दिवस सलग गातात असं हे संमेलन. पुढे ते नॅशव्हिलला गेलं, मग लुइव्हिलला, आणि आता टेनेसीतल्या पिजन फोर्जला भरतं. सम्नर गाणी लिहीत होते, तीही शेकड्यांनी. हा माणूस अकरा वर्षं ब्लॅकवुडांबरोबर राहिला. १९६५ मध्ये ते स्टॅम्प्स क्वार्टेट सांभाळायला गेले आणि १९७१ पासून एल्विसच्या मृत्यूपर्यंत स्टॅम्प्स त्याच्या मागे गात राहिले. जानेवारी १९७३ मध्ये हवाईहून उपग्रहाद्वारे दाखवलेला एल्विसचा कार्यक्रम ज्यांनी पाहिला आहे त्यांनी सम्नर यांना पाहिलेलं आहे, नाव ठाऊक नसेल एवढंच.

एल्विसचा धागा इथे तुटत नाही. सेसिल ब्लॅकवुडांकडे गेल्यावर सॉंगफेलोजमध्ये जागा रिकामी झाली, आणि तिच्यासाठी एल्विसचं नाव निघालं होतं असं ब्लॅकवुड मंडळी पुढे सांगत. तोवर त्याची वाट ठरून गेली होती. ऑगस्ट १९५८ मध्ये त्याची आई ग्लॅडिस वारली तेव्हा तिच्या आवडीचे ब्लॅकवुड ब्रदर्स अंत्यविधीला गायले. १८ ऑगस्ट १९७७ ला खुद्द एल्विसच्या अंत्यविधीत जेम्स गायले, जेक हेस गायले, सम्नर आणि स्टॅम्प्स गायले. त्याला मिळालेली तिन्ही स्पर्धात्मक ग्रॅमी पारितोषिकं भक्तिगीतांसाठी होती. लहानपणी ऐकलेलं त्यानं सोडलं नव्हतं.

ब्लॅकवुड ब्रदर्सचं काय झालं? ते वाढले. १९६६ ला पोर्टर वॅगनर यांच्याबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रणासाठी ग्रॅमी मिळालं आणि पुढेही मिळत राहिली. गॉस्पेल क्षेत्रातल्या डव्ह पुरस्कारांत सर्वोत्तम पुरुष गायकाचा मान जेम्स यांना १९६९ ते १९७७ या काळात सात वेळा मिळाला. हे आकडे मी निर्णय योग्य ठरला याचा पुरावा म्हणून देत नाही. संच मोडला असता तरी जेम्स यांना कोणी दोष दिला नसता. पण दोन आवाज गेल्यावर त्यांच्या जागी दोन वेगळ्या तऱ्हेची माणसं निवडल्यामुळे ते उभे राहू शकले, इतकं मी ठामपणे म्हणेन. दोन्ही घरातले निवडले असते तर तो शोकाचा संच झाला असता. दोन्ही बाहेरचे निवडले असते तर नावापुरता ब्लॅकवुड उरला असता.

माझ्या मनात एक शंका मात्र राहतेच. एकोणीस वर्षांच्या मुलाला मेलेल्या भावाच्या जागी, त्याच्याच ओळी गायला उभं करणं त्याच्यासाठी काय असेल? रोज रात्री तीच गाणी, तीच मधली ओळ, आणि समोर आर. डब्ल्यू. यांना ऐकलेले श्रोते. सम्नर यांना वेगळं असण्याची मोकळीक होती. सेसिल यांना ती नव्हती. त्यांची जागाच मिसळून जायची होती. या गोष्टीत सगळी चर्चा सम्नर यांची होते, बसची, खर्जाची, एल्विसची. ते स्वाभाविक आहे, कारण बॅरिटोन कोणाला ऐकूच येत नाही. पण सेसिल हे ओझं १९५४ पासून २००० मध्ये मरेपर्यंत वाहत राहिले. शेहेचाळीस वर्षं.

पुढची वर्षं

१९८० च्या सुमारास जेम्स यांनी आपलं घरचं क्वार्टेट सोडून एक नवा संच धरला, 'मास्टर्स फाइव्ह'. पाच म्हातारे: जेम्स, सम्नर, जेक हेस, होवी लिस्टर आणि स्टेट्समेनचेच टेनर रोझी रोझेल. एका संचात दोन थोर लीड, म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. पण या वयाला कोणाला काही सिद्ध करायचं नव्हतं. त्यांना ग्रॅमीही मिळालं. माझं लक्ष मात्र वेगळ्या गोष्टीकडे जातं. क्लँटनच्या धावपट्टीवर जेम्स यांना आगीपासून धरून ठेवणारे हेस त्यांच्या शेजारी उभे आहेत आणि त्या आगीमुळे आयुष्यात आलेले सम्नर दुसऱ्या टोकाला.

सम्नर १६ नोव्हेंबर १९९८ रोजी साउथ कॅरोलिनातल्या मर्टल बीचला गेले, वयाला चौऱ्याहत्तर पूर्ण व्हायला तीन दिवस असताना. कार्यक्रमांचा दौरा तेव्हाही चालूच होता. ३ फेब्रुवारी २००२ रोजी मेंफिसमध्ये जेम्स वारले. त्यांचं वय ब्याऐंशी होतं.

आर. डब्ल्यू. यांची मुलंही मोठी होऊन गायला लागली. ब्लॅकवुड ब्रदर्स हे नाव पुढे जेम्स यांचे चिरंजीव बिली यांनी चालवलं. ते बॅरिटोन गातात.